घरच्या वायफायची भाडेवही



पोस्ट मोठी आहे, चहा घेऊन बसा.

गेल्या महिन्याभरात आपल्या ग्रुपवर तीन प्रश्न आले. एका ताईंनी मुलाच्या टॅबला राउटरमधून रात्री दहानंतर नेट बंद होईल असा नियम लावला होता. आठवड्यात तो नियम आपोआप निकामी झाला. एका दादांनी मागच्या बेडरूममध्ये रेंज यावी म्हणून भारतातून आणलेला जुना राउटर जोडला, आणि तेव्हापासून घरातल्या अर्ध्या वस्तूंचं नेट येतं-जातं. तिसरा प्रश्न आई-बाबांच्या घरी लावलेल्या कॅमेऱ्याचा: त्या घरातून दिसतो, इथून थेट जोडायला गेलं की दिसत नाही. तिन्ही प्रश्नांना बहुतेकांचं उत्तर एकच होतं: नवीन राउटर घ्या.

मी सीए आहे, इंजिनियर नव्हे. पण पैसे खर्च करण्याआधी वही बघायची ही व्यवसायाची सवय. आणि घरातल्या राउटरच्या आत खरोखरच एक वही असते. राउटरच्या पानावर ती ‘डीएचसीपी क्लायंट लिस्ट’ किंवा ‘कनेक्टेड डिव्हाइसेस’ अशा नावाने दिसते. कोणत्या वस्तूला कोणता पत्ता दिला, किती वेळासाठी दिला, मुदत कधी संपते, सगळं त्यात असतं. ही वही कुठून आली, कोणी आखली आणि तिच्यात कोणता रकाना मुळातच ठेवलेला नाही, हे कळलं की तिन्ही प्रश्न बरेचसे सुटतात. म्हणून ही गोष्ट जरा सुरुवातीपासून सांगते.

इंटरनेटवर बोलायचं तर प्रत्येक यंत्राला एक आकडी पत्ता लागतो, हे आपल्याला माहीत आहे. आज आपण वापरतो त्या पत्त्याची पद्धत सप्टेंबर १९८१ मध्ये ठरली. इंटरनेटचे नियम ‘आरएफसी’ नावाच्या क्रमांक दिलेल्या दस्तऐवजांत लिहितात. हा आरएफसी ७९१. पत्ता ३२ बिटांचा, म्हणजे सगळे मिळून ४,२९,४९,६७,२९६ पत्ते. साधारण ४२९ कोटी. तेव्हा जगाची लोकसंख्याच सुमारे ४५० कोटी होती. म्हणजे पहिल्या दिवसापासून माणशी एक पत्ताही नव्हता, पण कॉम्प्युटर इतके थोडे होते की ते कोणाला टोचलं नाही.

त्या काळात हे क्रमांक कोण वाटत होतं? जवळजवळ एक माणूस. जॉन पोस्टेल, दक्षिण कॅलिफोर्नियात. कोणत्या नेटवर्कला कोणता आकडा दिला याची नोंद ते ठेवत आणि वेळोवेळी छापत. यंत्रांच्या नावांची यादी तिकडे मेन्लो पार्कला एलिझाबेथ फाइनलर यांच्या गटाकडे होती. नवं यंत्र जोडलं की त्यांना कळवायचं, त्या एका फाइलमध्ये भर घालायच्या, आणि बाकीचे सगळे ती फाइल उतरवून घ्यायचे. खतावणीच म्हणा ना. १ जानेवारी १९८३ ला सगळं जाळं नव्या पद्धतीवर आलं, तेव्हाही प्रत्येक संस्थेत कोणीतरी माणूस यंत्रासमोर बसून त्याचा पत्ता हाताने टाइप करत होता.

हाताने टाइप करण्यात अडचण काय, हे मी स्वतः पाहिलं आहे. २००० च्या आसपास पुण्यात माझी आर्टिकलशिप चालू होती. आमच्या ऑफिसात दहा-बारा कॉम्प्युटर एकमेकांना जोडलेले, एकावर टॅलीचा डेटा, बाकीचे त्याला लागून. पत्त्यांची यादी स्टेशनरीच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेली. एक नवीन कॉम्प्युटर आला, जोडायला आलेल्या माणसाने यादी न बघता एक आकडा घातला, आणि तो नेमका सरांच्या कॉम्प्युटरचा निघाला. दोन्ही पडद्यांवर पत्त्यांची टक्कर झाल्याचा संदेश आणि टॅक्स ऑडिटचा हंगाम! अर्धा दिवस गेला. गंमत म्हणजे तोवर यावरचा उपाय निघून सात वर्षं झाली होती.

तो उपाय एका फटक्यात नाही निघाला. १९८० च्या दशकात विद्यापीठांतून बिनडिस्कचे कॉम्प्युटर आले. डिस्क महाग, म्हणून ती एका मोठ्या यंत्रात ठेवायची आणि बाकीच्यांनी तारेवरून सगळं मागवून घ्यायचं. पण ज्याच्याकडे डिस्कच नाही त्याला चालू झाल्यावर स्वतःचा पत्ता तरी कसा आठवणार? त्याला एकच गोष्ट ठाऊक असते, नेटवर्क कार्डावर कारखान्यात कोरलेला क्रमांक. याला ‘मॅक ॲड्रेस’ म्हणतात. हा शब्द लक्षात ठेवा, पुढे टॅबच्या भानगडीत लागेल.

जून १९८४ मध्ये स्टॅनफर्डच्या मंडळींनी युक्ती काढली: यंत्राने चालू होताच ओरडून विचारायचं, “माझा कार्ड क्रमांक हा, माझा पत्ता कोणता?” आणि कोणीतरी वहीत बघून सांगायचं. पण ही हाक त्याच एका तारेपुरती ऐकू जायची, आणि उत्तरात फक्त पत्ताच मिळायचा. बाहेर जायचा दरवाजा कोणता, ते नाही. सप्टेंबर १९८५ मध्ये बिल क्रॉफ्ट आणि जॉन गिल्मोर यांनी ‘बूटपी’ आणलं. त्यात हाक पलीकडच्या तारेवर पोचवायची सोय होती आणि उत्तरात बरीच जास्त माहिती मिळत होती. तरीही वही हातानेच भरायची. हा कार्ड क्रमांक, हा पत्ता, कायमचा. यंत्र भंगारात गेलं तरी कोणी खोडेपर्यंत पत्ता त्याच्याच नावावर. मुंबईकरांना एका शब्दात कळेल: पागडी.

लॅपटॉप आल्यावर पागडी चालेना. यंत्रं आज या खोलीत, उद्या त्या इमारतीत. तिकडे ॲपलच्या ॲपलटॉक जाळ्यात यंत्र स्वतःच एखादा आकडा निवडायचं आणि “हा कोणी घेतलाय का?” विचारून मोकळं व्हायचं. कोणाला काही टाइप करावं लागत नव्हतं. इंटरनेटची पद्धत त्यापुढे फारच सरकारी वाटायची. म्हणून १९८९ मध्ये इंटरनेटचे नियम ठरवणाऱ्या मंडळींनी यासाठी एक गट नेमला. त्यात मुख्य लेखणी होती पेनसिल्वेनियातल्या बकनेल विद्यापीठाचे राल्फ ड्रॉम्स यांची. ऑक्टोबर १९९३ मध्ये डीएचसीपीचा पहिला नियम निघाला. त्यात छपाईच्या चुका राहिल्या म्हणून त्याच महिन्यात तो नव्या क्रमांकाने पुन्हा काढावा लागला. (ऑडिट रिपोर्ट पुन्हा छापायची वेळ आलेल्यांनी बरं वाटून घ्यावं.) मार्च १९९७ मध्ये आलेला आरएफसी २१३१ मात्र टिकला, तुमच्या घरचा राउटर या क्षणीही मुख्यतः त्याच नियमाने वागतोय.

आता यातली खरी अक्कल कशात आहे ते सांगते. चार संदेश असतात. नवं यंत्र ओरडतं: “पत्ता देणारं कोणी आहे का?” राउटर म्हणतो: “आहे, हा घे, इतक्या वेळासाठी.” यंत्र म्हणतं: “बरं, हाच घेते.” राउटर म्हणतो: “नोंदवला.” हे सगळं एका सेकंदाच्या आत-बाहेर होतं. पण महत्त्वाचा शब्द आहे ‘इतक्या वेळासाठी’. ड्रॉम्स आणि मंडळींनी पागडी मोडली आणि लीव्ह अँड लायसन्स आणलं. मूळ इंग्रजीत शब्दच ‘लीज’ आहे, मी सीए म्हणून घुसडलेला नाही!

मुदत का हवी? कारण यंत्रं निरोप घेऊन जात नाहीत. पाहुणा लॅपटॉप मिटतो आणि निघून जातो, राउटरला कोण सांगणार? मुदत असली की कोणी काही सांगायची गरज नाही. भाडेकरू नूतनीकरणाला आला नाही की खोली आपोआप रिकामी. आणि नूतनीकरणही शेवटच्या दिवसावर ढकलायचं नाही. निम्मी मुदत झाली की यंत्र आपल्या नेहमीच्या मालकाकडे जाऊन विचारतं. उत्तर नाही आलं तर वाट बघतं, आणि साडेसत्त्याऐंशी टक्के मुदत संपल्यावर जो कोणी ऐकत असेल त्याला विचारायला लागतं. २४ तासांची लीज असेल तर बाराव्या तासाला पहिला प्रयत्न, एकविसाव्या तासाला सगळीकडे आरडाओरडा. मुदत पूर्ण संपली की पत्ता सोडायचाच. इथे दुबईत दरवर्षी इजारी नोंदवताना आमची जी धावपळ होते, ती बघता हे यंत्र माझ्याहून शिस्तीचं म्हणायला हवं.

पत्ता देणारं कोणीच सापडलं नाही तर? विंडोज ९८ पासून कॉम्प्युटर अशा वेळी १६९.२५४ ने सुरू होणारा एक पत्ता स्वतःच घेतो, ॲपलटॉकसारखा विचारून. मे २००५ मध्ये याचाही रीतसर नियम झाला. तेव्हा तुमच्या लॅपटॉपवर १६९.२५४ दिसलं तर समजा की वायफाय जोडलंय पण मालक घरी नाही. नेट कंपनीला फोन लावायच्या आधी राउटर बंद-चालू करा.

मग घरात १९२.१६८ कुठून आलं? १९९० च्या दशकातच दिसायला लागलं होतं की ४२९ कोटी पुरणार नाहीत. फेब्रुवारी १९९६ मधल्या आरएफसी १९१८ ने तीन पट्टे बाजूला काढले: १० ने सुरू होणारे, १७२.१६ ते १७२.३१, आणि १९२.१६८. हे खासगी. घरात कोणीही वापरा, बाहेरच्या रस्त्यावर चालणार नाहीत. सगळ्या चाळींत ‘खोली नंबर ५’ असते आणि पोस्टमनचा गोंधळ होत नाही, तसं. बाहेर जाताना राउटर आपला एकच खरा पत्ता लावतो आणि परत आलेलं उत्तर बरोबर त्या खोलीत देतो. ही अदलाबदल करायची कल्पना मे १९९४ ची. १९९९ च्या विंडोज ९८ च्या दुसऱ्या आवृत्तीत घरचा एक कॉम्प्युटरच १९२.१६८.०.१ हा पत्ता घेऊन बाकीच्यांना पत्ते वाटू शकत होता. पुढे तेच काम एका छोट्या डब्याने घेतलं आणि आपण विसरून गेलो.

आता दादांच्या दोन राउटरांकडे येते. वर सांगितलेली चार वाक्यं पुन्हा वाचा. राउटरने “तू कोण?” असं कुठे विचारलं? आणि यंत्राने “तू खरा मालक आहेस का?” असं? कुठेच नाही. ओळखपत्राचा रकानाच नाही. ज्या लोकांनी हे लिहिलं ते एकमेकांना ओळखणारे विद्यापीठवाले होते. लबाडी त्यांना सुचली नव्हती असं नाही. आरएफसी २१३१ मध्येच ही पद्धत बरीच असुरक्षित आहे असं सरळ लिहिलंय. २००१ मध्ये ओळख तपासायचा वेगळा नियमही निघाला, पण घराघरांत तो कोणी वापरलाच नाही.

त्यामुळे जो आधी उत्तर देईल तो मालक. जुना राउटर भिंतीत खुपसला की तोही पत्ते वाटायला लागतो. ज्या वस्तूला त्याचं उत्तर आधी पोचलं ती त्यालाच बाहेरचा दरवाजा समजते, आणि त्याच्या मागे तर भिंत! म्हणून अर्ध्या वस्तू चालतात, अर्ध्या नाहीत, आणि उद्या त्यांची अदलाबदलही होते. नवा राउटर घ्यायची गरज नाही. जुन्यामध्ये ‘ॲक्सेस पॉइंट मोड’ असेल तर तो लावा. नसेल तर त्यातला डीएचसीपी सर्व्हर बंद करा, त्याला मुख्य राउटर जे पत्ते वाटतो त्यांच्या बाहेरचा पण त्याच पट्ट्यातला एक पत्ता हाताने द्या (मुख्य राउटर १०० ते २०० वाटत असेल तर समजा १९२.१६८.१.२), आणि वायर त्याच्या लॅन भोकात लावा, वॅनमध्ये नको. एका घरात भाडेवही एकच असावी.

ताईंच्या टॅबची गोष्ट मला जास्त आवडली. राउटरच्या वहीत भाडेकरूचं नाव म्हणजे तो कारखान्याचा मॅक ॲड्रेस. चाळीस वर्षं सगळ्यांनी धरून चाललं की हा क्रमांक बदलत नाही. पण फोन खिशात घेऊन माणसं फिरायला लागली, तेव्हा मॉलमधल्या आणि विमानतळावरच्या वायफायला हाच क्रमांक वापरून कोण कधी आलं-गेलं हे टिपता यायला लागलं. त्यावर उपाय म्हणून २०१९ च्या अँड्रॉइड १० ने आणि २०२० च्या आयओएस १४ ने प्रत्येक वायफायला एक बनावट क्रमांक सांगायला सुरुवात केली. मॉलसाठी हे उत्तमच झालं, आणि माझ्या मते मुलांसाठी तर नक्कीच चालू ठेवावं. पण घरच्या राउटरलाही टॅब तेच करतो. बनावट क्रमांक बदलला की वहीत नवा भाडेकरू उभा राहतो, आणि तुमचा रात्री दहाचा नियम जुन्या, आता अस्तित्वातच नसलेल्या माणसाला लागू राहतो. सेटिंगमध्ये जाऊन मुलाला तो स्वतःही बदलता येतो, म्हणून आधी वही बघा, मग मुलाशी बोला. दोषी यंत्र असेल किंवा चिरंजीव असतील, वही दोन्ही सांगते.

करायचं काय? टॅबच्या वायफाय सेटिंगमध्ये फक्त घरच्या नेटवर्कपुरता तो प्रायव्हेट क्रमांक बंद किंवा कायम करा. मग राउटरमध्ये ‘ॲड्रेस रिझर्व्हेशन’ मध्ये तो क्रमांक आणि एक पत्ता अशी जोडी लिहा, आणि नियम त्या जोडीला लावा. थोडक्यात, १९८५ ची पागडी एका भाडेकरूपुरती परत आणायची. ड्रॉम्स यांनी नव्या पद्धतीत ती जाणूनबुजून शिल्लक ठेवली होती: काही पत्ते मुदतीचे, काही हाताने लिहिलेले. प्रिंटरसाठीही हेच करा, म्हणजे तो दर सुट्टीनंतर हरवणार नाही. काही राउटरांत अनोळखी क्रमांकाला सुरुवातीलाच अडवून ठेवायची सोय असते. असेल तर ती सगळ्यात पक्की.

राहिला आई-बाबांचा कॅमेरा. ३ फेब्रुवारी २०११ ला जगाच्या कोठारातले शेवटचे पत्त्यांचे गठ्ठे पाच विभागीय संस्थांना वाटून टाकले गेले. भारत ज्या आशिया-पॅसिफिक संस्थेखाली येतो, ती त्याच वर्षी १५ एप्रिलला आपल्या शेवटच्या गठ्ठ्यावर आली. पाचांत सगळ्यात आधी. पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये आणखी एक पट्टा बाजूला काढला: १००.६४ ते १००.१२७. हा नेट कंपन्यांसाठी. कंपनीने स्वतःच एका मोठ्या घरासारखं वागायचं, शेकडो ग्राहकांना आतले पत्ते द्यायचे आणि बाहेर एकच खरा पत्ता लावायचा. म्हणजे आई-बाबांचा राउटर ज्याला रस्ता समजतो, तो प्रत्यक्षात कंपनीच्या सोसायटीचा पॅसेज आहे. तुम्ही त्यांच्या राउटरवर कितीही दरवाजे उघडा, मुख्य गेट कंपनीचं.

तपासायला सोपं आहे. बाबांना व्हिडिओ कॉलवर राउटरच्या पानावरचा वॅन आयपी वाचून दाखवायला सांगा, आणि त्यांच्याच घरच्या वायफायवरून ‘माय आयपी’ शोधायला सांगा. आकडे वेगळे असतील, किंवा पहिला या पट्ट्यातला असेल, तर नवा राउटर, नवा कॅमेरा, काहीही घेऊन उपयोग नाही. एक तर कंपनीकडून महिन्याच्या भाड्याने स्थिर खरा पत्ता मागा, नाही तर कॅमेरा कंपनीच्या ॲपमधून बघा. ॲपवर दोन टप्प्यांचा पासवर्ड लावायला विसरू नका. आई-बाबांच्या दिवाणखान्याचं चित्र तिसऱ्याच्या सर्व्हरवरून येणार आहे.

आणखी एक, कारण कोणीतरी कमेंटमध्ये विचारेलच. आता बऱ्याच घरांत आयपीची सहावी आवृत्तीही चालू असते; भारत तर तिच्या वापरात जगात आघाडीवर आहे. तिथे पत्ते १२८ बिटांचे, अमाप. त्यामुळे राउटर बहुधा फक्त गल्लीचं नाव ओरडून सांगतो, आणि प्रत्येक वस्तू आपला घर क्रमांक स्वतःच ठरवते. जवळजवळ ॲपलटॉकची रीत. अशा घरात हे पत्ते भाडेवहीत येतच नाहीत. तुमचा दहाचा नियम फक्त १९२.१६८ वाल्या पत्त्याला लावलेला असेल, तर टॅब दुसऱ्या वाटेने निवांत व्हिडिओ बघत बसतो. नियम मॅक ॲड्रेसला लागतोय की पत्त्याला, ते राउटरच्या त्या पानावर एकदा वाचून घ्या. आमच्या राउटरमध्ये ते ‘पेरेंटल कंट्रोल’ खाली नाही, ‘ॲक्सेस कंट्रोल’ खाली सापडलं.